मापणे आणि जोखणे : जिवंत माशाचे वजन व संगणकाची दृष्टी

मराठीत परिमाणाच्या निश्चितीसाठी तीन निरनिराळी क्रियापदे आहेत. नग मोजले जातात, लांबीरुंदी किंवा धान्याची रास मापली जाते आणि भार तोलला किंवा जोखला जातो. व्यवहारात ‘मोजणे’ हे एकच क्रियापद तिन्ही ठिकाणी सर्रास चालते हे खरे. तथापि भाषेने राखून ठेवलेला हा भेद निरर्थक नाही. मोजणाऱ्याला डोळा पुरतो. मापणाऱ्याला डोळ्याच्या जोडीला एक ठरलेली काठी लागते. जोखणाऱ्याला मात्र वस्तू उचलावी लागते, तिचा भार कशावर तरी पडू द्यावा लागतो. ‘जोखणे’ या शब्दाला पारख करणे, अंदाज बांधणे असा दुसराही अर्थ आहे. माणूस जोखला जातो, प्रसंग जोखला जातो. तेथे तराजू नसतो.

गेल्या काही दशकांत संगणकाला ‘दृष्टी’ देण्याचे जे शास्त्र विकसित झाले, त्याचा एक उपयोग पाण्यात पोहत असलेल्या माशाची लांबी व वजन ठरविण्यासाठी होतो. ‘कॅमेऱ्याने माशाचे वजन केले’ असे त्याचे वर्णन सामान्यतः केले जाते. वर सांगितलेला भेद लक्षात घेतला तर हे वर्णन जपून वाचावे लागेल. कॅमेरा मासे मोजतो, त्यांची लांबी मापतो. वजनाच्या बाबतीत तो तराजूच्या नव्हे, तर पारख करणाऱ्याच्या अर्थाने जोखतो. या दोन अर्थांतील अंतरावर कोट्यवधी रुपयांचा व्यापार आणि एका प्राणिजातीचे भवितव्य कसे अवलंबून राहू शकते, हे भूमध्य समुद्रातील ब्लूफिन ट्यूनाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कोकण किनाऱ्यावर ‘कुपा’ या नावाने ओळखले जाणारे मासे याच कुळातले. परंतु अटलांटिक ब्लूफिनपुढे ते किरकोळ ठरतात. पूर्ण वाढलेला ब्लूफिन दोन मीटरांहून लांब आणि दोनशे किलोंहून जड असू शकतो. उन्हाळ्याच्या आरंभी त्याचे कळप अंडी घालण्यासाठी भूमध्य समुद्रात शिरतात आणि तेथील माणूस फार प्राचीन काळापासून त्यांची वाट अडवीत आला आहे. इस्किलसने इ. स. पू. ४७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या आपल्या ‘पर्शियन्स’ या शोकात्मिकेत सालामिसच्या सागरी युद्धातील कत्तलीला ट्यूनाच्या संहाराची उपमा दिली आहे. ती प्रेक्षकांना समजावून सांगावी लागली नसणार. पुढे सिसिलीच्या किनाऱ्यावर एकामागून एक दालने असलेली जी स्थिर जाळी लावली जात, त्यांच्या प्रमुखाला ‘राईस’ म्हणत. हा शब्द मूळचा अरबी असून मराठी वाचकाला परिचित असलेला ‘रईस’ तो हाच. आत किती मासे आले याचा अंदाज घेऊन शेवटचे जाळे वर उचलण्याची आज्ञा देणे हे राईसचे काम. मासे मेल्यावर ते तराजूवर जातच. त्यामुळे त्याचा अंदाज चुकला तरी वजन चुकत नसे.

आजची पद्धत निराळी आहे. कोकणातही वादांमुळे सर्वतोमुखी झालेल्या पर्सीन जाळ्याने भूमध्यात ट्यूनाचा कळप वेढला जातो, पण तो बाहेर काढला जात नाही. जाळ्याला एक तरंगता पिंजरा जोडून मधले दार उघडतात आणि मासे पोहत पोहत पिंजऱ्यात जातात. हा पिंजरा बोटीने अत्यंत मंद गतीने, अनेकदा कित्येक दिवस, ओढत माल्टा, स्पेन, क्रोएशिया किंवा तुर्कस्तान यांच्या किनाऱ्यालगतच्या मत्स्यशेतीपर्यंत नेतात. तेथे मासे मोठ्या पिंजऱ्यात सोडून त्यांना काही महिने लहान मासे खाऊ घालतात आणि पुरेशी चरबी चढल्यावर मारून बहुतांशी जपानच्या बाजारात पाठवितात.

या व्यवस्थेत मासा पकडण्याचा दिवस आणि तराजूवर जाण्याचा दिवस यांत महिन्यांचे अंतर पडते. दुसरीकडे, पकडीवरील कायदेशीर मर्यादा टनांत, म्हणजे वजनात ठरते. १९६६ साली रिओ द जानेरो येथे झालेल्या करारातून जन्मलेला आणि माद्रिद येथून काम पाहणारा अटलांटिक ट्यूना संरक्षण आयोग ही मर्यादा ठरवितो. मत्स्यसाठा धोक्यात आला असता, २०११ व २०१२ या वर्षांसाठी पूर्व अटलांटिक व भूमध्य मिळून ती वर्षाला १२,९०० टन इतकी खाली आणावी लागली. त्याआधी २०१० मध्ये दोहा येथील परिषदेत या माशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा मोनॅकोचा प्रस्ताव फेटाळला गेला होता. व्यापार चालू राहणार होता. तेव्हा पकडीचा हिशेब विश्वसनीय करणे अटळ झाले. पण न तोललेल्या माशाचा टनांतला हिशेब मांडायचा कसा? पाणबुड्या दारातून जाणाऱ्या माशांचे चित्रण करी, त्यावरून त्यांची संख्या ठरे आणि सरासरी वजन मात्र अनुभवी माणसाच्या नजरेवर सोडलेले असे. ती नजर कितीही तयार असली तरी तिचा धनी मासेमारीत गुंतलेला असे. पकडताना वजन कमी सांगावे आणि कापताना ते अधिक भरले तर ती पिंजऱ्यातील खुराकाची किमया म्हणावी, एवढी सोय या अंतराने करून ठेवली होती. ‘मापात पाप’ या मराठी वाक्प्रचारात निदान माप तरी असते. येथे तेही नव्हते.

एकेक मासा बाहेर काढून तोलणे शक्य नाही का, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. ट्यूना आपल्या कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवण्यासाठी सतत पोहत राहणारा मासा आहे. थांबला की तो गुदमरतो. शंभर-दीडशे किलोंचा असा जीव उचलून काट्यावर ठेवणे म्हणजे त्याला मारणेच होय. तराजू आणि जिवंतपणा यांपैकी एकाचीच निवड करता येते.

या कोंडीतून मार्ग म्हणून आयोगाने २०१२ ते २०१४ या काळातील आपल्या शिफारशींत जोडकॅमेऱ्याचा वापर अनिवार्य केला. मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यात मासे सोडण्याच्या प्रत्येक प्रसंगी दोन भिंगांचा कॅमेरा दाराशी असलाच पाहिजे आणि आत जाणाऱ्या माशांपैकी किमान २० टक्के माशांची लांबी मापली गेलीच पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. २०१४ च्या शिफारशीतील तपशील मोठा बोलका आहे. शक्य तेथे दर पाचवा मासा मापावा. मापलेला मासा कॅमेऱ्यापासून २ ते ८ मीटर अंतरावर असावा. दार १० मीटरांहून रुंद वा उंच नसावे. काम सुरू करण्यापूर्वी ज्ञात लांबीची पट्टी २ मीटर व ८ मीटर अंतरावर धरून कॅमेऱ्याची परीक्षा घ्यावी. आणि यंत्राची चूक ५ टक्क्यांच्या आत असावी. यातील प्रत्येक आकड्यामागे एक अडचण उभी आहे.

पहिली अडचण अंतराची. एका डोळ्याने पाहिलेला जवळचा लहान मासा आणि दूरचा मोठा मासा चित्रात सारखेच दिसतात. दोन कॅमेरे परस्परांपासून ठराविक अंतरावर बसविले की एकाच माशाचे तोंड दोन्ही चित्रांत किंचित निराळ्या जागी पडते. मासा जवळ असेल तर हा फरक मोठा, दूर असेल तर लहान. या फरकावरून अंतर निघते आणि अंतर कळले की खरी लांबी निघते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील छायाव्यवहारात दोन जागी ठेवलेल्या शंकूंच्या छायांवरून दिव्याची उंची व अंतर काढण्याची रीत दिली आहे, समरूप त्रिकोणांचे ते गणित आणि हे गणित यांत तत्त्वतः भेद नाही. मात्र मासा दुप्पट दूर गेला की चित्रांतील फरक निम्मा होतो आणि चित्रात टिपणाऱ्याची जी बारीकशी चूक असते तिच्यामुळे अंतराच्या निर्णयात पडणारी चूक चौपट होते. २ मीटरांवरून ८ मीटरांवर जाताना ती सोळा पटींनी वाढते. आठ मीटरांची मर्यादा येथून आली.

दुसरी अडचण पाण्याची. हवेतून पाण्यात आणि पाण्यातून हवेत जाताना प्रकाशकिरण वाकतात. पाणबुड्याला सपाट काचेतून वस्तू सुमारे चतुर्थांशाने जवळ भासते, ती याच वक्रीभवनामुळे. कॅमेराही काचेच्या आडच असतो. म्हणून त्याचे प्रमाणीकरण पाण्यातच करावे लागते. परीक्षेच्या पट्टीची तरतूद नोकरशाहीचा सोपस्कार वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः साऱ्या व्यवस्थेतील वादातीत अशी लांबी तेवढ्या पट्टीचीच असते.

तिसरी अडचण माशाची स्वतःची आहे आणि ती अधिक रंजक आहे. मासा सरळ राहत नाही. शेपटी डावीउजवीकडे मारीत तो पुढे सरकतो. शरीर वळलेल्या क्षणी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत ओढलेली सरळ रेषा त्याच्या लांबीपेक्षा आखूड भरते. पूर्वी, आणि पुष्कळ ठिकाणी आजही, प्रशिक्षित माणूस पडद्यासमोर बसून चित्रण थांबवीत थांबवीत मासा सरळ असल्याचा क्षण शोधतो व तोंड आणि खाच या दोन बिंदूंवर खूण करतो. शेकडो माशांसाठी हे काम कंटाळवाणे आणि वेळखाऊ होते. संगणकाच्या दृष्टीचे क्षेत्र येथे सुरू होते. व्हॅलेन्सिया येथील तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या निबंधांत एक युक्ती वर्णिली आहे. कॅमेरे खाली ठेवून वर पाहिले तर उजळ पृष्ठभागावर माशाची गडद आकृती उमटते. ट्यूनाच्या शरीराची एक लवचीक आकृती संगणकाला आधीच दिलेली असते. ती आकृती वाकवून, फिरवून, लहानमोठी करून संगणक प्रत्येक छायाकृतीवर बसवून पाहतो, चपखल बसली तरच माप घेतो आणि वाकणीचा हिशेब लांबीत जमेस धरतो. खालून पाहिल्यामुळे शेपटीची डावीउजवी हालचाल लपत नाही.

अलीकडच्या पद्धतींत अशी आकृती हाताने घडवून दिली जात नाही. माणसांनी खुणा केलेली असंख्य चित्रे संगणकापुढे ठेवली जातात आणि त्यांतून मासा कोणता, तोंड कोठे, खाच कोठे हे तो शिकतो. या शिकण्याविषयी सध्या जे अद्भुताच्या भाषेत लिहिले जाते त्याला आवर घालणे बरे. यंत्राने गिरविलेला कित्ता माणसाचाच असतो. खुणा करणाऱ्यांनी शेपटीची खाच सातत्याने थोडी अलीकडे धरली असेल, तर यंत्रही ती अलीकडेच धरील, आणि अधिक निष्ठेने धरील. शिवाय कळपात मासे एकमेकांआड जातात. जो सुटा, जवळून आणि आडवा गेला तो मापला जातो, गर्दीतला राहून जातो. सुटे जाणारे आणि गर्दीने जाणारे आकाराने सारखेच असतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. दर पाचवा मासा घेण्याचा नियम या मोहाविरुद्ध आहे. सोयीचा मासा निवडू नये, क्रमाने येईल तो घ्यावा, असा त्याचा आशय.

येथवर लांबी हाती आली. आता वजन. आयोगाच्या नियमांतच या पुढच्या पायरीचा एक सूचक पुरावा सापडतो. ३० किलोंहून कमी वजनाचा किंवा ११५ सेंटिमीटरांहून कमी लांबीचा ब्लूफिन पकडू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. एड्रियाटिक समुद्रातील मत्स्यपालनासारख्या काही अपवादांसाठी ही सीमा ८ किलो किंवा ७५ सेंटिमीटर अशी आहे. वाक्यातील ‘किंवा’ वाचकाच्या नजरेतून सहज सुटेल. ११५ चा घन सुमारे १५ लाख २१ हजार, ७५ चा घन सुमारे ४ लाख २२ हजार. त्यांचे परस्परांशी प्रमाण काढून ३० किलोंना लावले तर दुसऱ्या माशाचे वजन ८.३ किलो येते. नियम ८ म्हणतो. वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढते हे सूत्र त्या एका ‘किंवा’त दडलेले आहे. सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढणारा घनपदार्थ लांबीने दुप्पट झाला की आकारमानाने आठपट होतो, या भूमितीचाच हा विस्तार होय.

सारी मेख या घनातच आहे. वजन ग्रॅममध्ये घेऊन त्याला लांबीच्या घनाने भागावे आणि शंभराने गुणावे, म्हणजे जो अंक येतो त्याला मत्स्यशास्त्रात फुल्टनचा अवस्थांक म्हणतात. मासा किती भरलेला आहे याचा तो निर्देशक. समजा तो १.९ आहे. मग २०० सेंटिमीटर लांबीचा मासा १५२ किलोंचा ठरतो. नियमाने चालवून घेतलेली ५ टक्के चूक धरून तीच लांबी २१० मापली गेली तर वजन १७६ किलो येते आणि १९० मापली गेली तर १३० किलो. लांबीतील ५ टक्के वजनात सुमारे १५ टक्के होतात. ही चूक कधी जास्त, कधी कमी अशी विखुरलेली असेल तर हजार माशांच्या बेरजेत ती बरीचशी मिटून जाईल. पण ती कॅमेऱ्याच्या सदोष प्रमाणीकरणातून आलेली असेल तर प्रत्येक मासा एकाच दिशेने चुकेल, आणि अशा हजार माशांमागे २४ टनांपर्यंतचा फरक पडेल.

घनाचा आणखी एक परिणाम असा, की लांबीची सरासरी काढून तिच्यावरून वजन ठरविता येत नाही. १०० सेंटिमीटरांचा एक आणि २०० सेंटिमीटरांचा एक असे दोन मासे घ्यावेत. वरील अवस्थांकाने त्यांची वजने १९ व १५२, म्हणजे एकूण १७१ किलो. त्यांची सरासरी लांबी १५०. त्या लांबीचे दोन मासे मात्र एकूण १२८ किलोंचेच भरतात. चौथा हिस्सा वजन नुसत्या सरासरीने नाहीसे होते. लबाडी करण्यासाठी खोटे बोलावे लागत नाही, चुकीच्या जागी भागाकार केला तरी पुरते. पिंजऱ्यात दोन वेगळ्या वयांचे कळप मिसळले असतील तर त्यांच्यासाठी वेगवेगळी सूत्रे वापरण्याची मुभा नियमांनी दिली आहे, ती या संदर्भात वाचली पाहिजे.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. हा १.९ कोठून आला? १९५१ साली ई. डी. ल क्रेन यांनी इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरातील पर्च माशांवर लिहिलेल्या निबंधात लांबी-वजनाचे नाते आणि माशाची ‘अवस्था’ या दोन गोष्टींची काळजीपूर्वक फारकत केली. एकाच लांबीचे दोन मासे ऋतू, अन्न, लिंग आणि अंड्यांचा भार यांनुसार वेगळ्या वजनाचे असतात. ब्लूफिन तर नेमका अंडी घालण्याच्या हंगामातच पकडला जातो. अंड्यांनी भरलेला आणि अंडी टाकून रोडावलेला मासा कॅमेऱ्याला सारख्याच लांबीचे दिसतात. पिंजऱ्यात खुराक मिळालेल्या माशाचे सूत्र आणखी निराळे. कॅमेरा माशाची जाडी व उंचीही टिपू शकतो, आणि त्या दिशेने संशोधन चालू आहे. परंतु स्नायू आणि चरबी यांच्या घनतेतला भेद बाह्य आकृतीवरून पुरता उमगत नाही. म्हणून कोणत्या महिन्यातील, कोणत्या समुद्रातील माशांना कोणते सूत्र लावायचे हे आयोगाची शास्त्रीय समिती ठरविते. ते सूत्र पूर्वी कधी तरी मारून, तराजूवर ठेवून तोललेल्या माशांवरूनच बांधलेले असते. तोलल्याखेरीज जोखता येत नाही.

नॉर्वेतील सामन माशाच्या शेतीतही हीच यंत्रणा कामी येते. तेथे एका परवान्यावर सामान्यतः ७८० टनांपेक्षा अधिक जिवंत मासा पाण्यात ठेवता येत नाही. म्हणजे कायदा न तोललेल्या वजनालाच लागू होतो. खाद्य किती घालावे, कापणी केव्हा करावी हेही त्याच अंदाजावर ठरते. पण तेथील मासा माणसाने अंड्यापासून वाढविलेला, एका वयाचा आणि बराचसा एकसारखा असतो. त्यामुळे वादाला तीव्रता कमी.

भारतात प्रश्न उलट्या टोकाने सोडविण्यात आला आहे. केरळने २०१५ मध्ये आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये, ५४ जातींसाठी, पकडण्यायोग्य माशाचा किमान आकार ठरविला, तो लांबीत. हलत्या होडीवर तराजू भरवशाचा नसतो, पट्टी असते. बाजारात मात्र बारीक मासळीचे वाटे लावून विकणारी कोळीण दोन्हींच्या वाटेस जात नाही. वाटा नजरेने लागतो, आणि गिऱ्हाईक तो नजरेनेच पारखून घासाघीस करते. त्या व्यवहारात दोन्ही नजरा समोरासमोर असतात. भूमध्यातील पिंजऱ्याच्या दाराशी पाहणारा एक असतो आणि मासा कोणाच्या हिश्शाचा हे ठरविणारे दुसऱ्या देशात बसलेले असतात; म्हणून तेथे चित्रण जपून ठेवणे आणि निरीक्षकाच्या हवाली करणे सक्तीचे आहे.

जोडकॅमेऱ्याच्या हिशेबाने माशांचे वजन घोषित पकडीपेक्षा अधिक निघाले, तर वरकड मासे समुद्रात परत सोडण्याचा आदेश निघतो. पिंजऱ्याचे दार उघडले जाते, निरीक्षक हजर राहतो, पुन्हा चित्रण होते. आदेश टनांत असतो, दारातून मात्र नग बाहेर पडतात. किती टनांना किती मासे, याचे उत्तर ज्या सरासरी वजनावरून काढले जाते ते त्याच कॅमेऱ्याने, त्याच सूत्राने ठरविलेले असते. आणि बाहेर पडलेल्या माशांपैकी एकही पुढे कधी तराजूवर चढत नाही.